लाल गाडी आणि कालवडीचा पिपा

त्या दिवशी आमच्या शेतात सोयाबीनची मळणी चालू होती आणि माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. रोहिणखेडच्या रस्त्याला लागूनच आमचं शेत. मळणीयंत्र आमचं, ट्रॅक्टर आमचा, आणि घरात भाऊ नाही, म्हणून ट्रॅक्टरवर बसणारी मी. सुचिता. बी.एस्सी. झालेली, आणि गावाच्या मते लग्नाचं वय टळत चाललेली.

तेवढ्यात एक लाल गाडी घुर्र... घुर्र करत आली आणि थांबली कुठे, तर कडुनिंबाखाली. जिकडे यंत्रातून शेंगांचा भुसा उडत होता — आम्ही त्याला कुटार म्हणतो — बरोबर तिकडेच. एवढ्या रस्त्यावर या माणसाला सावली म्हणून तेवढीच जागा दिसली. काचा बंद, एसी चालू, इंजिन चालू, आणि साहेब फोनवर.

मी हाताने खूण केली, पुढे घे. त्यानेही हसून हात हलवला. त्याला वाटलं, मी ओळख दाखवतेय.

थोड्याच वेळात गाडी खोकली, थरथरली आणि गप्प झाली. तो उतरला. उंच, सावळा, पांढरा स्वच्छ शर्ट. कुटाराच्या वाऱ्यात पांढरा शर्ट घालून उतरणाऱ्या माणसाची मला आधी कीवच आली. मी यंत्र बंद करून गेले.

"बॉनेट उघडा."

"तुमाले समजते गाडीतलं?"

"गाडीतलं नाई समजत. कुटारातलं समजते. उघडा त."

त्याने उघडलं. एरवी जिथे एअर फिल्टरचा काळा डबा असतो, तिथे डबाच नव्हता. नुसत्या पाइपच्या टोकाला एक लाल, सुळक्यासारखा फिल्टर उघडाच बसवलेला. लाल म्हणजे असावा. तेलकट होता, त्यामुळे कुटार असं चिकटलं होतं की त्याला दाढी आल्यासारखी वाटत होती.

"कंपनीचा डबा कुठी गेला?"

"काढला मी. त्यानं इंजिनले हवा कमी भेटते. हा खुला हाये ना, म्हणून इंजिन मोकळा श्वास घेते. पिकअप वाढते. अन् आवाज त तुमी ऐकलाच..."

"ऐकला. घेतला मोकळा श्वास. आता ठसका लागला तिले."

तो हसला. आपल्यावरच हसणारी माणसं मला आवडतात, पण ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. ट्रॅक्टरचा फिल्टर झाडायचा ब्रश आणला, त्याचा फिल्टर काढून आधी हळूच आपटला, मग झाडला. तो शेजारी उभा राहून शर्टावरचं कुटार झटकत होता, आणि झटकलेलं माझ्या केसांत येत होतं.

"तुमच्या केसात..." असं म्हणून त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला. "सॉरी."

"राहू द्या. संध्याकाळी एकदमच निघते."

नाव विचारलं तर म्हणाला, राजकुमार. मी त्याच्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं आणि फिल्टर परत बसवायला घेतला. तरी त्याला कळलं. "हसा हसा," म्हणाला, "सगळेच हसते." मोताळ्याला त्याचं गाड्यांच्या सजावटीचं दुकान होतं. सीट कव्हर, हॉर्न, रबर, दिवे. ही लाल गाडी म्हणजे त्याच्या दुकानाची जाहिरात.

जाहिरात एकदाची चालू झाली आणि घुर्र करत निघून गेली. मी ट्रॅक्टरवर चढले खरी, पण कितीतरी वेळ माझा कान त्या रस्त्याकडेच होता.

चार दिवसांनी तो घर विचारत आमच्या दारात आला. म्हणे, फिल्टर चोंदला. आमची मळणी तर कधीच आटोपली होती.

"फिल्टर चोंदायले तुमी खास दुसऱ्याच्या खळ्यात गेलते का?" मी विचारलं.

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मग खरं बोलला. खरं म्हणजे अर्धंच. गाडी सपाटीला चांगली पळते, पण बुलढाण्याला जाताना राजूरच्या घाटात नेमकी मरते. "एवढा महागाचा फिल्टर लावला, अन् घाटात ट्रक मले हॉर्न देऊन पुढं जाऊन राह्यले. दुकानात लोकाइले काय सांगू?"

मी बॉनेटखाली हात घातला आणि चटकन काढला. फिल्टर नुसता भाजत होता. "हे पाहा. डबा होता तवा तो बाहेरची, दिव्याजवळची थंडी हवा ओढे. तुमचा हा बसला इंजिनच्या बाजूले, तापलेली हवा खाऊन राह्यला. घाटात गाडी हळू, इंजिन गरम. मंग कशी चढन?"

"म्हणजे फिल्टर चांगला हाये, जागा वाईट हाये."

"हाव. थोडंसं मालकासारखंच."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आज जागा त चांगली हाये..."

मी उठून गोठ्यात गेले. दुसरं काय करणार? तोंड लपवायला तीच जागा होती. तिथे कोपऱ्यात तेलाचा रिकामा पिपा पडला होता, ज्यातून बाबा कालवडीला पाणी पाजत. तोच उचलून आणला.

त्या दुपारी आम्ही पिपा कापला. पत्र्याच्या तीन भिंती केल्या, इंजिन आणि फिल्टरच्या मध्ये. कडांना त्याने दुकानातलं दरवाज्याचं रबर लावलं, आणि पुढच्या जाळीपासून थंड हवेसाठी एक जाड पाइप सोडला. ते मोजमाप सगळं त्याचं. पत्रा असा वळवला की एक कोपरा बोचेल तर शपथ. मी फक्त धरत होते. एकदा पत्रा सटकला आणि त्याचा हात माझ्या हातावर पडला, आणि पत्रा सावरून झाल्यावरही तो तिथेच राहिला... मीही काढला नाही. आई ओट्यावर तूर निवडत होती. तिने खाली पाहूनच विचारलं, "अजून धरूनच हाये का पत्रा?"

शेवटी कुटार अडवायला मी माझी जुनी, विरलेली आकाशी ओढणी फाडून फिल्टरला गुंडाळली. हवा जाईल, कचरा जाणार नाही. तो म्हणाला, "असला फिल्टर अख्ख्या जिल्ह्यात कोनाच्या गाडीले नसन."

पत्र्यामुळे आवाज मात्र आणखीच घुमायला लागला.

घाटात तपासणी तर हवीच. आईला बुलढाण्याला डॉक्टरकडे जायचंच होतं, म्हणून ती मागे बसली आणि मी पुढे. चढण लागली तशी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अशी सरसर निघाली की मला आतून काहीतरी उचलल्यासारखं झालं. राजकुमार रस्त्याकडे बघत होता, आणि वळणावर आरशातून माझ्याकडे. आईने घाट संपेपर्यंत त्याचं आडनाव, त्याचं मामाकुळ, त्याची शेती आणि त्याच्या आईचं माहेर एवढं काढून घेतलं. वर पोचल्यावर म्हणाली, "गाडी बरी हाये." तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच झालं.

त्यानंतर तो येतच राहिला. कधी रबर सुटलं, कधी पाइप हलला. मशिदीच्या वळणावर घुर्र ऐकू आलं की शेजारच्या सिंधूताई भिंतीवरून हाक मारायच्या, "सुचिता, चहा ठेव वं, घोरणारा आला." मी रागवायचे. पण आवाज आला नाही की तो दिवस मला अळणी जायचा. मला तो आवडायला लागला होता. आवाज नव्हे, माणूस. मी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही, पण स्वतःशी कशाला खोटं बोलू?

बाबा यात कुठेच नव्हते. माझे बाबा, अर्जुनराव, कमी बोलणारे. महिनाभर ते फक्त एकच गोष्ट विचारत होते, "कालवडीचा पिपा कोनं नेला?" आई आणि मी एकमेकींकडे बघायचो आणि गप्प बसायचो.

मग एक दिवस जेवताना ते म्हणाले, "रविवारी शेगाववरून पाव्हणे येऊन राह्यले. सुचिताले पाहायले. पोरगा बँकेत हाये."

मी ताट तसंच ठेवून उठले.

मी राजकुमारला फोनवर सांगितलं. मग तो म्हणाला, "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी मी कान देऊन बसले. आवाज आलाच नाही. विहिरीवर पाणी काढायला गेले, तर लाल गाडी तिथे झाडाआड गपचूप उभी. इंजिन चालू होतं आणि तरी आवाज नाही. मी बॉनेट उघडायला लावलं. आत कंपनीचा काळा डबा.

"पिपा कुठी हाये?"

"दुकानात ठेवला. म्हटलं, आता पाव्हणे येनार, तुह्यं नाव कोनाच्या तोंडी नको. कोनाले समजू नये म्हणून..."

तो काळजीनेच बोलत होता, हे मला दिसत होतं. तरीही माझं डोकं सणकलं.

"मी काय चोरीचा माल आहो? घाट चढायले फिल्टर लावतं, अन् माह्या घरी यायले डबा?"

"तुह्ये बाबा मले काय म्हणतीन, सुचिता? सीट कव्हर विकनारा मी. तो बँकेतला."

"बाबा काय म्हणतीन ते बाबाले म्हणू दे. तू काय म्हणतं ते सांग."

तो परत गाडीत बसला. स्टिअरिंगवर बोटं फिरवत राहिला. रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं मला.

"रविवारी पाव्हणे येतीन," मी म्हटलं. "त्याच्या आंधी यायचं असन त असा ये, का अख्ख्या गावाले ऐकू आलं पाह्यजे. नाई त हाच डबा राहू दे. मी समजून घेईन."

घागर कमरेवर घेऊन मी मागे न बघता आले. घागर रिकामीच होती, हे घरी आल्यावर कळलं.

रविवारी सकाळी आईने पोहे भिजवले. मला हिरवी साडी नेसवली. मी खिडकीशी बसून रस्त्यावरची प्रत्येक गाडी ऐकत होते. दुधाची गाडी. एसटी. कुणाचा तरी ट्रॅक्टर. आई कांदा चिरता चिरता माझ्याकडे बघायची आणि पुन्हा कांद्याकडे. बाबा ओट्यावर चहा घेत होते. मला वाटलं, संपलं. नसेल जमत एखाद्याला. त्याला तरी काय बोल लावायचा?

आणि मशिदीच्या वळणावर घुर्र झालं.

सिंधूताईंनी भिंतीवरून हाक मारायला तोंड उघडलं, आणि माझी साडी बघून मिटलं. बाबांनी कप खाली ठेवला. लाल गाडी सगळ्या गावाला जागं करत दारापुढे आली. पुढच्या सीटवर दोन्ही कानांवर पदर धरून बसलेल्या त्याच्या आई, मंजुळाबाई. इंजिन बंद झाल्यावर त्या उतरल्या आणि आईला म्हणाल्या, "बाई, आंधी पानी द्या. डोकं उठलं माह्यं."

राजकुमार तोच पांढरा शर्ट घालून आला होता. बाबांच्या पायांना हात लावला. बाबा त्याला बस म्हणाले नाहीत. सरळ गाडीपाशी गेले. "उघड," म्हणाले.

बॉनेट उघडलं. बाबा वाकून बघत राहिले. पत्र्यावर तेलाच्या कंपनीचं सूर्यफूल अजून अर्धं दिसत होतं. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. मग आत गुंडाळलेली आकाशी ओढणी त्यांना दिसली. 

"हा माह्या कालवडीचा पिपा हाये."

"हाव, काका."

"विचारून नेलता?"

राजकुमारने एकदा खिडकीकडे पाहिलं. मी गज धरून उभी होते. त्याचा आवाज कापत होता, पण खाली गेला नाही.

"पिपा नाई विचारला, काका. चुकलं माह्यं. म्हणून सुचितासाठी विचारायले आलो. मले ती आवडते. लय आवडते. तुमी नाई म्हटलं त पिपा सोडून देतो इथंच, पन विचारल्याबिगर जानार नाई."

बाबांनी बॉनेट हळूच खाली केलं आणि दाबून बसवलं.

"परवा विहिरीवर आलता ना तू? बिनाआवाजाचा." राजकुमारची मान खाली गेली. "मी वावरातून पाह्यलं. तवा नाई आवडला तू मले. वाटलं, एवढे दिवस घोरत येनारा पोरगा, आता दबकून काऊन येऊन राह्यला?" मग ते माझ्या खिडकीकडे वळले. "तुह्यं काय म्हननं हाये, सुचिता?"

मी बाबांसमोर असं काही कधीच बोलले नव्हते. गज आणखी घट्ट धरले.

"मले घोरनारा चालते, बाबा."

बाबांनी खिशातून फोन काढला आणि शेगावला लावला. पाहुणे अजून निघाले नव्हते. "माफ करा भाऊ," ते म्हणाले, "पोरीच्या मनातलं आमाले आजच समजलं." फोन ठेवून त्यांनी आईला हाक मारली, "पोहे झाले का?"

मी दार उघडून पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले. राजकुमारला बशी देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि सगळ्यांसमोरही आम्ही ती मागे घेतली नाहीत. शर्टाच्या बाहीला काळा डाग होता. सकाळी पिपा पुन्हा बसवताना पडलेला.

"तिखट झाले का?" मी विचारलं.

"नाई," तो म्हणाला, एकही घास न खाता.

बाबा ओट्यावर बसून पोहे खात होते. "पुढच्या खेपी येतानी बाजारातून एक पिपा आनून दे," ते त्याला म्हणाले. "कालवड तहानली राह्यते."