राधाबाईंची वाटी

शनिवारी दुपारी रखमा परब काळाचौकीहून निघाली ती काळ्या वाटाण्याच्या उसळीचा डबा मांडीवर घेऊन. टॅक्सीत सून दर्शना म्हणाली, "आई, कॅम्पिंगला लोक चिप्स नेतात. तुम्ही उसळ!"

"ठकीसाठी आहे गो. दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नाही म्हणतात, तर निदान माझ्या हातचं तरी खाईल."

ठकी म्हणजे शेळी. राधाबाई चेंदवणकरांची.

चाळीत राधाबाईंची खोली रखमाच्या खोलीला लागून. चाळीस वर्षांत दोघींमध्ये भिंतीपेक्षा गॅलरीचा कठडाच जास्त कामाला आला. राधाबाई कठड्यावर वाटी आपटायच्या, टण टण टण, की इकडून रखमानं न बघता हात काढायचा. हातात वाटी यायची, कधी सांदणाची, कधी तांदळाच्या खिरीची. ती वाटी परत जायची तीही भरूनच. रिकामी वाटी परत पाठवणं चाळीत कुणालाच माहीत नव्हतं. साधी साखर तरी घालायची. वाट्यांवर नावं कोरलेली, तरी कुणाच्या वाट्या कुणाच्या मांडणीवर याचा हिशेब देवालाही लागला नसता.

मग चाळ पाडली. सगळे संक्रमण शिबिरात गेले. राधाबाई ठकीलाही घेऊन गेल्या. मूलबाळ नव्हतं, ती शेळीच काय ती त्यांची. नवीन टॉवरमधल्या खोलीचा नंबर लागला तेव्हा कागद छातीशी धरून सगळ्यांना सांगत सुटल्या, "एकोणीसशे चार. रखमाच्या बाजूकच!" ताबा मिळायच्या सहा महिने आधी गेल्या.

दहाव्याला बाणगंगेवर कावळा शिवेना. तासभर झाला. भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी रखमा पुढे झाली, हात जोडले आणि म्हणाली, "राधाबाय, ठकीक मी नव्या घरात आणतंय. सोडूचंय नाय." शब्द तोंडातून सुटला आणि कावळा उतरला. भाताची वाटी रखमाची होती, नाव कोरलेली, काठाला पोचा आलेली. तिथलं भांडं घरी आणत नाहीत, म्हणून ती तिथंच राहिली.

आणि नव्या घरात? सोसायटीचा पहिलाच नियम, जनावरं आणायची नाहीत. मुलगा सुशांत म्हणाला, "आई, एकोणिसाव्या मजल्यावर शेळी? लोक हसतील." रखमा दोन दिवस रुसली, रडली आणि तिसऱ्या दिवशी तिनं ठकीला टेम्पोत चढवलं. 'विसावा'त पाठवलं. रे रोडच्या पुढे, बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत म्हाताऱ्या जनावरांसाठी काढलेली जागा ती. वर्षभर ठकी बरी होती. पण शुक्रवारी तिथल्या बुधाजींचा फोन आला. "मावशी, चार दिवस शेळीनं तोंडात काही घेतलं नाही. येऊन बघा. नंतर म्हणाल, सांगितलं नाही."

वखारीचं दार लोटलं आणि मुंबई मागं राहिली. आत पर्जन्यवृक्षांची सावली, जुन्या सागाचा वास आणि त्यात खाडीच्या चिखलाचा. एकेकाळी व्हिक्टोरिया गाडीला जुंपलेले दोन घोडे मान खाली घालून उभे होते. एक आंधळा बैल कुणाचीही चाहूल लागली की कान हलवायचा. जिथं ओंडके तोलायचे तिथं एक लोखंडी कठडा उरला होता. त्याला लागून चार तंबू. कॉलेजची पोरं शनिवार-रविवार राहायला येत, त्या पैशावर जनावरांचा चारा निघे. आज तंबूला गिऱ्हाईक या दोघीच.

ठकी कोपऱ्यातल्या खोपीत बसली होती. बरगड्या मोजाव्यात अशी. रखमानं उसळ राधाबाईंच्याच वाटीत काढली. त्यांनी शेवटची खीर पाठवली होती ती ही वाटी, परत द्यायची राहूनच गेली होती. "खा गो बाय. बघ कोणाची वाटी ती."

ठकीनं वाटी हुंगली. मग मान फिरवली आणि दाराकडे बघत बसली.

"दिवसभर अशीच बघते," बुधाजी म्हणाले. "कुणी न्यायला येणार असल्यासारखी."

"मी सोमवारी सेक्रेटरीला भेटते," रखमा घाईघाईनं म्हणाली. "पाया पडते त्याच्या..."

"सोमवारपर्यंत टिकायला पाहिजे ना, मावशी."

तिन्हीसांज झाली. दर्शना घोड्यांचे फोटो काढायला गेली. रखमा तंबूत शिरली, भरलेली वाटी तशीच मांडीवर घेऊन बसली. कापडातून येणारा उजेड आधी केशरी होता, मग राखाडी झाला. गोदीकडून कसलासा भोंगा वाजला आणि थांबला. तिला चाळीतली तिन्हीसांज आठवली. दिवाबत्ती, एकाच वेळी सगळ्या खोल्यांतून येणारा फोडणीचा वास, आणि त्यात राधाबाईंच्या स्टोव्हचं घासलेट. गॅस आल्यावरही खीर स्टोव्हवरच करायच्या त्या.

घासलेटचा वास आठवता आठवता यायलाच लागला...

टण टण टण.

बाहेर कठड्यावर.

"गो रखमा... वाटी दी गो."

चाळीस वर्षांची सवय. रखमानं मान वर केली नाही. "घे गो," म्हणाली आणि तंबूच्या फटीतून वाटी बाहेर धरली. पलीकडून ती कुणीतरी घेतली. घेताना बोटांना बोटं लागली. गार, ओलसर आणि पिठाळ, जशी तांदूळ वाटता वाटता उठून आलेल्या बाईची असतात.

हात आत आला. रिकामा. बोटांच्या टोकांना पांढरं पीठ.

तेव्हा कुठं तिनं मान वर केली.

"दर्शना?" तिनं हाक मारली. "...तूच होतीस ना गो?"

उत्तर लांबून, घोड्यांकडून आलं. "काय झालं, आई?"

"काही नाही."

रात्री दर्शना कानात गाणी घालून झोपली. रखमाला झोप नव्हती. खोपीच्या बाजूनं स्टोव्हचा फुरफुर आवाज येत होता. कुणीतरी पिन मारावी, तसा मधेच कमी व्हायचा, परत वाढायचा. उठून बघावं इतकं धैर्य तिच्याजवळ नव्हतं. पण खोटं कशाला, भीतीच्या तळाशी तिला बरंही वाटत होतं. वर्षभरात पहिल्यांदाच पलीकडे कुणीतरी जागं होतं.

फटफटलं तेव्हा तंबूच्या तोंडाशी वाटी होती. खीर. वर वाफ.

रखमानं ती उचलली आणि बोटानं काठ चाचपला. ही राधाबाईंची वाटी नव्हती. काठाला पोचा होता. खाली कोरलेलं होतं: र. दौ. परब.

बाणगंगेवर सोडून आलेली.

खीर टाकायची कशी? राधाबाईंकडून आलेलं तिनं कधी टाकलं नव्हतं. तिनं एक बोट चाटलं. वेलची आणि शेवटी चिमूटभर मीठ. तीच.

तेवढ्यात बुधाजी ओरडत आले. "मावशी, शेळी नाही!"

खोपीच्या दाराचा आडणा जसाच्या तसा लावलेला. दाव्याची गाठ न सुटलेली, गळ्याएवढा फास तसाच गोल. तिथं राधाबाईंची वाटीही नव्हती, उसळही नव्हती. बुधाजींनी सगळी वखार पालथी घातली. आंधळा बैल तेवढा मुख्य दाराकडे कान करून उभा होता.

"कुत्र्यांनी ओढली असेल का?" दर्शनानं हळूच विचारलं.

दोघी घरी आल्या. एकोणिसाव्या मजल्यावर नेहमीसारखी सगळी दारं बंद. एकोणीसशे चारला सोसायटीचं कुलूप, त्यावर लाखेचं सील, दोन्ही शाबूत. वारसच नाही, तर उघडणार कोण? आणि त्या दाराच्या उंबऱ्याशी, चकचकीत फरशीवर, सात-आठ लेंड्या. ताज्या.

"शी! बकरी कुणी आणली वर?" दर्शना म्हणाली आणि तिची नजर सीलवर गेली. तिनं खाली वॉचमनला फोन लावला. सकाळपासून कुणी काही आणलेलं नव्हतं.

रखमानं लेंड्या कागदात गोळा केल्या. "कुणाला सांगू नको," इतकंच म्हणाली. "आणली एकदाची. मी नाही, तर तिनं."

संध्याकाळी ती ओट्याशी उभी होती. दिवा लावायचा होता. पोचा आलेली वाटी धुऊन पालथी घातली होती. ओट्याच्या पलीकडे भिंत, भिंतीच्या पलीकडे एकोणीसशे चार.

टण टण टण.

"रखमा गो... तुझी उसळ ठकीन खाल्ल्यान. वाटी घे."

रखमानं न बघता हात पुढे केला. बोटं गिलाव्याला टेकली तेव्हा तिला आठवलं, इथं कठडा नाही, भिंत आहे. दचकून तिनं हात मागं घेतला आणि दिव्याच्या उजेडात धरला.

बोटांच्या टोकांना ओलं पीठ लागलेलं होतं.