सात नंबरची खुर्ची

भावोजींच्या लेकीला जुळं झालं आणि भावोजींनी टाइपरायटर दुरुस्तीचं दुकान कायमचं बंद केलं, त्या वर्षाची ही गोष्ट. जुळ्यांपायी घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. म्हणून भावोजी सकाळीच डबा घेऊन वहिनींच्या कचेरीत येऊन बसत. थोरल्या भावाच्या माघारी खासगी तपासाचं काम वहिनींनीच चालवलं होतं. आता त्याही बासष्टच्या झाल्या होत्या, गुडघे कुरकुरत होते आणि गिऱ्हाइकं आटली होती. दोघं समोरासमोर बसून आलटून पालटून डुलक्या काढत.

त्या गुरुवारी अकराच्या सुमारास एक बाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, हातात शाळकरी मुलीसारखी वही.

"मी रुग्णालयात रेकॉर्ड विभागात कारकून आहे," त्या म्हणाल्या. "आज पाच वाजता चौकशी समिती बसणार आहे. पाचनंतर माझी नोकरी गेलेली असेल. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. पेन्शनही जाईल."

"बसा आधी," वहिनी म्हणाल्या. "केलंत काय?"

"काहीच नाही. पण कॉम्प्युटर म्हणतो, मीच केलं."

हकिगत अशी होती. रुग्णालयात कॉम्प्युटर सांभाळायचं शिक्षण चाललं होतं. बारा जणांचा वर्ग, एक म्हातारे मास्तर. नवीन माणसाचं खातं कसं उघडायचं, कुणाला कुठल्या फाइलला हात लावू द्यायचा, नको ते कसं पुसायचं, असलं सगळं. परवा मंगळवारी दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी एका वॉर्डाच्या यंदाच्या सगळ्या नोंदी खऱ्या सर्व्हरवरून पुसल्या गेल्या. पुसणाऱ्याचं नाव कॉम्प्युटरने लिहून ठेवलं होतं. ते या बाईंचं होतं.

"तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"जेवायला. पण एकटीच, मागच्या जिन्यावर. वर्गात सगळे माझ्या चुकांना हसतात, म्हणून."

"वर्गातल्या कॉम्प्युटरवरून खऱ्या सर्व्हरपर्यंत जाता येतं?"

बाईंनी मान खाली घातली. "इतरांना नाही, मला येतं. माझं रोजचं कामच ते. पण वर्गातून जायची मनाई आहे. पावणेएकला हेडक्लार्कांनी चिठ्ठी पाठवली. एका पेशंटचा मुलगा खिडकीवर ताटकळत होता, त्याला एक कागद हवा होता. मी सर्व्हर उघडला, कागद छापला, तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली. पडद्यावर सर्व्हरची खिडकी उघडीच राहिली. हेडक्लार्क म्हणाले, चिठ्ठीचं नाव काढू नका, नाहीतर तुमच्याबरोबर मीही मरेन."

"म्हणजे तुम्ही एकट्याच मरा," भावोजी म्हणाले.

"वर्गाचा सराव आणि खरा सर्व्हर, दोन्ही दिसायला सारखेच?" वहिनींनी विचारलं.

"काळा पडदा, पांढरी अक्षरं. पण खऱ्याला वर लाल पट्टा असतो. चांगला दोन बोटं रुंद. न दिसणं शक्यच नाही."

वहिनींनी वही मागून घेतली. प्रत्येक पानावर पहिली ओळ एकच होती.

"हे काय आहे?"

"‘मी कुठे आहे?’ असं विचारायचा हुकूम. तीन अक्षरांचा. मास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, हात लावण्याआधी आपण कुठल्या खोलीत उभे आहोत ते विचारा. मी प्रत्येक वेळी विचारते. हसू देत हसायचं त्यांना."

"मंगळवारी जेवून आल्यावर काय पाहिलंत?"

"सरावाचा पडदा. अर्धा तास कुणी हात लावला नाही की सर्व्हरची खिडकी आपोआप मिटते, तशी मिटली होती. नातवाला लिहिलेलं खोटंखोटं पत्र होतं, जसंच्या तसं. मला बरंच वाटलं. एरवी दुपारी सगळं पुसलेलं असतं, परत पहिल्यापासून लिहावं लागतं. दोन वाजता वरून आरडाओरडा ऐकू आला."

वहिनी उठल्या. गुडघा धरून क्षणभर उभ्या राहिल्या. "चला भावोजी. डबा घ्या बरोबर."

वर्गाची खोली तळमजल्यावर होती. बारा टेबलं, बारा खुर्च्या, खुर्च्यांच्या पाठीवर रंगाने घातलेले हाताएवढे आकडे. फळ्यावर वीतभर उंचीची अक्षरं, उजवीकडे उतरत गेलेली. मास्तर खुर्च्यांच्या पाठींना हात लावत लावत पुढे आले.

"बसा, बसा. पाच नंबरवर बसा." त्यांनी जगमधून पाणी ओतलं. निम्मं पेल्यात पडलं, निम्मं टेबलावर. भावोजींनी रुमाल काढला.

"किती वर्षं शिकवताय?" वहिनींनी विचारलं.

"एकतीस. कॉम्प्युटर कपाटाएवढे होते तेव्हापासून. हा माझा शेवटचा वर्ग. हे कंत्राट संपलं की कोण विचारतंय."

"मंगळवारी सुट्टीत कुठे होता?"

"इथेच. मी बाहेर जात नाही, जिने फार आहेत. चार घास खाल्ले, जरा टेकलो."

"कुणी आलं होतं?"

"स्टोअरकीपर डोकावून गेला. सहा नंबर."

"दुपारी सगळ्यांचा सराव पुसला जातो म्हणे. कोण पुसतं?"

"मशीनला वेळ लावून ठेवलीय," मास्तर पटकन म्हणाले. "आपोआप होतं. बाराही जणांचं."

बाईंनी छापलेल्या कागदाची प्रत त्यांच्या वहीत होती, ती वहिनींनी पुढे केली. "खाली वेळ छापलीय बघा. किती ती?"

मास्तरांनी कागद हातात धरला, लांब केला, जवळ आणला. "चष्मा घरी राहिला हो."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. भावोजी सांगायला तोंड उघडणार, तोच वहिनींनी त्यांच्या पायावर पाय दिला.

स्टोअरकीपर पस्तिशीचा, चुरचुरीत बोलणारा. "माझ्यावर संशय आहे ना? असणारच. वर्गातून एकालाच नवी जागा मिळणार, आणि मला ती हवीय. लपवतोय कशाला? पण माझी स्पर्धा बाईंशी? त्यांनी पहिल्या दिवशी ‘आग लागो या डब्यांना’ म्हटलं होतं! समितीला तेच सांगितलंय मी."

"सुट्टीत परत कशाला आलात?"

"लोणचं विसरलो होतो. दारातूनच घेतलं. मास्तर आत होते, विचारा त्यांना."

"फाइलींची यादी कशी काढतात, दाखवता?"

त्याने झरझर बोटं चालवली. पडद्यावर आधी ती तीन अक्षरं उमटली, मग यादी.

"आधी कुठे आहात ते विचारलंत?"

तो ओशाळून हसला. "हात आपोआप जातो हो. मास्तरांनी घोटूनच घेतलंय. घरी फ्रिज उघडतानासुद्धा वाटतं, आधी विचारावं."

हेडक्लार्क आपल्या खोलीत घामाघूम बसले होते. टेबलावर कॉम्प्युटर होता, त्यावर झाकण होतं आणि झाकणावर फायली.

"चिठ्ठी मी लिहिली, कबूल," ते पुटपुटले. "पण पुसायचं मला कुठलं येतंय, मॅडम? हा सुरू करायला मी शिपाई बोलावतो."

"करून दाखवा."

त्यांनी झाकण काढलं, पडदा चारी बाजूंनी चाचपला आणि शेवटी शिपायाला हाक मारली.

बाहेर बाकावर दोघांनी डबा उघडला. साडेतीन वाजले होते.

"स्टोअरकीपरच," भावोजी म्हणाले. "जागा हवी, खोलीत आलेला, वर तोंडाळ."

"तुम्ही रात्रभर जागे होता ना?"

"धाकटा रडायचा थांबला की थोरला सुरू करतो."

"मग राहू द्या. खा."

चार वाजता वहिनींनी सगळ्यांना वर्गात बोलावलं. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाने मंगळवारच्या नोंदीचा कागद आणला होता. वहिनी बसूनच बोलल्या, गुडघ्यावर हात ठेवून.

"बाईंच्या नावावर एक वाजून बारा मिनिटांनी एकच हुकूम आहे. ‘इथलं सगळं पुसा.’ त्याच्या आधीची ओळ पावणेएकची, कागद छापल्याची. म्हणजे पुसणाऱ्याने ‘मी कुठे आहे?’ विचारलं नाही. बाई विचारल्याशिवाय बोट उचलत नाहीत. स्टोअरकीपरचंही तेच, सवयच लागलीय. हेडक्लार्कांना बटण सापडत नाही. तेव्हा हे काम ज्याला विचारायची गरज वाटत नाही, अशा माणसाचं."

हेडक्लार्कांनी कपाळावरचा घाम पुसला.

"मुद्दाम पुसणाऱ्याने लाल पट्टा पाहून पुसलं असतं. पण मुद्दाम असेल तर दुसरी एक गोष्ट बसत नाही. दुपारी सगळ्यांचा सराव पुसला जातो. मंगळवारी सात नंबरवर बाईंचं पत्र शिल्लक राहिलं. मशीन आपोआप पुसत असतं, तर त्याने सात नंबर का सोडावा?"

भावोजींच्या हातातला डबा टेबलावर आपटला. "म्हणजे सात नंबरवरही पुसलं. पण भलतंच!"

"शाब्बास, भावोजी. आता बाकीच्या टेबलांची नोंद वाचा."

सर्व्हरवाल्याने कागद धरला. "पाच नंबर, एक वाजून दहा. ‘इथलं सगळं पुसा.’ सहा नंबर, अकरा. तोच हुकूम. आठ नंबर, तेरा. तोच..."

"मधली बारा," वहिनी म्हणाल्या. "कुणीतरी खुर्चीमागून खुर्ची चालत गेलं. पाठीला हात लावत, आकडे चाचपत. प्रत्येक टेबलावर तोच हुकूम, रोजच्यासारखा. सातवर खऱ्या सर्व्हरची खिडकी वर होती. लाल पट्टा होता. पण तो दिसायला डोळे लागतात. ज्याला पेला दिसत नाही, कपाळावरचा चष्मा सापडत नाही, त्याला पट्टा कुठला दिसणार?"

मास्तर खुर्ची शोधून बसले. कुठल्या नंबरवर बसले हे त्यांनाही कळलं नसावं.

"चार महिने झाले," ते म्हणाले. "कडा काळ्या होत गेल्या. मोतीबिंदू असेल म्हटलं. कंत्राट संपू दे, मग दाखवू. डोळे गेले कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी काढलं असतं. हात चालतात ना, म्हटलं. एकतीस वर्षांचे हात आहेत." त्यांनी कपाळावरचा चष्मा चाचपून हातात घेतला. "दोन वाजता ओरडा झाला तेव्हाच कळलं. या बाई इथे रडत होत्या. मी फळा पुसत उभा राहिलो."

"पाच वाजता बोलला असता?" वहिनींनी विचारलं.

"माहीत नाही," मास्तर म्हणाले. "खरंच माहीत नाही."

बाई उठल्या. भावोजींना वाटलं, आता दोन शब्द सुनावतील, आणि त्यांना तो हक्क होताच. त्या मास्तरांपाशी गेल्या, त्यांच्या डोळ्यांसमोर हात हलवला, डावीकडे, उजवीकडे. मास्तरांची नजर हलली नाही.

"पाचला समितीपुढे तुम्ही सांगायचं," त्या म्हणाल्या. "सगळं. मी सोडणार नाही तुम्हाला. मग डोळ्यांच्या वॉर्डात चला. पहिल्या मजल्यावर आहे, जिना मी दाखवते."

मास्तरांनी सगळं सांगितलं. हेडक्लार्कांनाही चिठ्ठीचं सांगावं लागलं, त्यांना ताकीद मिळाली. बाईंची नोकरी राहिली. सर्व्हरची जुनी प्रत अकरा दिवसांपूर्वीची होती. मधल्या अकरा दिवसांच्या नोंदी कागदांवरून पुन्हा टाइप कराव्या लागल्या, आणि त्या भावोजींनी केल्या, आठवडाभर रोज चार तास. घरापेक्षा तिथे शांतता होती. नवी जागा स्टोअरकीपरला मिळाली.

डॉक्टरांना मोतीबिंदू सापडला नाही. मेंदूत गाठ निघाली, ती नजरेच्या नसेवर दाब देत होती. मास्तरांना कुणी नव्हतं. बाई रोज सुट्टीत डबा घेऊन त्यांच्या खाटेपाशी बसत. जिन्यावर बसणं त्यांनी सोडून दिलं होतं.

मास्तर त्याच वर्षी डिसेंबरच्या एकोणीस तारखेला, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, पुरुष वॉर्डात वारले. मृत्यूची नोंद रेकॉर्ड विभागात बाईंनी स्वतः केली. खिडकी उघडली, लाल पट्टा पाहिला, ‘मी कुठे आहे?’ विचारलं, आणि मग त्यांचं नाव लिहिलं.