उंडीच्या आळ्यातली कोरफड

तळेऱ्याच्या नाक्यावर विजयदुर्गची गाडी लागली तेव्हा मधूच्या एका काखेत दवाखान्याच्या औषधांचं खोकं होतं आणि दुसऱ्या हातात हातभर उंचीचं उंडीचं रोप. श्रावण होता. घटकेत ऊन, घटकेत सर. खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून तो खूश होऊन बसला, रोप मांडीवर घेतलं, आणि —

"आये गे!"

शेजारी येऊन बसलेल्या बाईच्या मांडीवरही झाड होतं. कोरफड. डालड्याच्या डब्यात. तिचं एक काटेरी पान सरळ मधूच्या कोपरात घुसलं होतं.

"ता जरा बाजूक घेवा गो बाय!"

"आधी तुमची फांदी माझ्या डोळ्यातून काढा."

मधूनं फांदी बाजूला केली आणि डोळे बघितले. बघायला नको होते.

मग दोन तास दोघं आपापलं झाड सांभाळत बसली. रस्ता वळला की कोरफड टोचायची.

"लागलं?"

"नाय. गुदगुल्यो झाल्यो."

ती खिडकीबाहेर बघायला लागली, पण खांदा हलत होता तिचा. हसत होती… मधूची तर पक्की खात्री.

विजयदुर्गला उतरल्यावर ती पुढे, मधू मागे. तिसऱ्या वळणावर ती गर्रकन वळली. "तुम्ही माझ्या मागून का येताय?"

"मी माझ्या दवाखान्यात चाललंय! मी थयलो कंपाउंडर."

"अरे देवा," ती म्हणाली. "मी तिथली नर्स."

ती दुर्गा खानोलकर. मालवणची. सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर आलेली.

दवाखान्याचं अंगण म्हणजे नुसता जांभा दगड. मधूनं आणि शिपाई गंगारामनं पहार घेऊन आठ दिवस तो फोडला होता, तेव्हा कुठे कंबरभर खड्डा झाला. माती टोपल्यांनी आणून त्यात भरली. वैशाखात रांगेत उभी असलेली एक म्हातारी चक्कर येऊन पडली होती, तेव्हाच मधूनं ठरवलेलं, इथे झाड लावायचं. खाऱ्या वाऱ्याला दाद न देणारं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रोप घेऊन आला. खड्ड्याच्या बरोब्बर मधोमध कोरफड!

"हो खड्डो माझो!"

"नाव कुठे लिहिलंय?" दुर्गा हात धूत म्हणाली. "तुमचं झाड सावली कधी देणार?"

"धा-बारा वर्सांत."

"तोवर काय, पेशंटनी वाट बघायची? माझी कोरफड याच महिन्यात कामाला येईल. कुणाचं भाजलं की पान मोडायचं, गर लावायचा. पाणी मागत नाही, कुरकुरत नाही. आणि बदली झाली तर डब्यात घालून नेता येते. तुमची उंडी नेता येते का?"

"झाड काय न्हेवक लावतत? झाड रवाक लावतत!"

ती हळूच म्हणाली, "आमचे बाबा पोस्टात. सात गावं झाली आमची. एका गावात त्यांनी आंबा लावला होता. मोहर दुसऱ्यांनी बघितला… तेव्हापासून आम्ही डब्यातच लावतो."

तेवढ्यात डॉक्टर वैतागून बाहेर आले. "उंडी मध्ये, कोरफड कडेला उन्हात. आणि आता रांगेतली माणसं आत सोडा!"

पण खरा वैताग तिथूनच सुरू झाला. पाऊस सरल्यावर उंडीला रोज घागरभर पाणी लागायचं, आणि कोरफडीला ते सोसत नव्हतं. मधू पाणी ओतायचा, ते आळ्यातून कोरफडीकडे धावायचं. दुर्गानं मध्ये दगडांचा बांध घातला. मधू म्हणाला, बांधामुळे उंडीची मुळं अडतात. दवाखाना आठला उघडायचा आणि भांडण पावणेआठला. गंगाराम तर स्टूल घेऊन ऐकायला बसायचा.

पौषात एकदा सुया उकळताना मधूचा हात पोळला. तो ओरडायच्या आत दुर्गानं कोरफडीचं पान मोडून आणलं होतं.

"हललात तर बघा."

मधू हलला नाही. श्वाससुद्धा बेतानं घेतला. गर गार होता की तिची बोटं, ते काही त्याला ठरवता येईना.

"उंडीचं पान बांधू का वरून?" तिनं विचारलं. "सावली पडेल."

असा राग आला त्याला! आणि राग आलेला असताना तिनं हात सोडू नये असंही वाटत होतं. आता ह्याला काय म्हणावं?

माघ लागला आणि वरून कागद आला. नर्सबाईंची मुदत महिनाअखेर संपते. इथेच कायम व्हायचं असेल तर अर्ज करावा, नाहीतर मालवणला जागा रिकामी आहे. मालवण! घर तिथे, आई तिथे. ती कशाला इथे राहते? आईला बरं नाही म्हणून पंधरा दिवसांची रजा काढून ती निघालीच. फाटकाशी म्हणाली, "कोरफडीकडे लक्ष ठेवा."

'जाव नको' हे दोन शब्द मधूच्या जिभेवर होते. तो म्हणाला, "बरा."

मग त्यानं डोक्यात घेतलं, कोरफड टवटवीत दिसली तर बाई राहील. विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं, तरी तो खेपा घालायचा. उंडीला घागर. आणि कोरफडीला — मिक्श्चरची मोठी बाटली घेतली, डोसाच्या खुणा कापलेली कागदी पट्टी तिला चिकटवली, आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ, न चुकता डोस. आठव्या दिवशी कोरफड पिवळी पडली. मधूनं डोस दुप्पट केला. बाराव्या दिवशी ती लवंडली. मधूनं तिप्पट केला.

पंधराव्या दिवशी दुर्गा आली. रांगेत दहा-बारा माणसं होती. सगळ्यांत पुढे पायाला पट्टी बांधलेली मथुरा आजी. दुर्गानं कोरफडीला हात लावला आणि पान लिबलिबीत होऊन हातात आलं.

"हिला पाणी घातलंत?"

"दिसाक तीन डोस."

"डोस?"

मधूनं बाटली पुढे केली. ती त्या पट्टीकडे बघतच राहिली. "कोरफडीला औषध पाजल्यासारखं पाणी पाजलंत तुम्ही?"

"सुकत होती, म्हणान वाढवलंय."

"सुकत नव्हती, कुजत होती!" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आणि कशाला? सहा महिने तिचा रागराग करत होतात ना?"

"तुमी जातलास म्हणान!" मधू ओरडलाच. अख्खी रांग वळली. "कोरफड जगली तर तुमी रवशात असा वाटला माका… माजा डोक्याच चालना नाय!"

"अर्ज मी आज सकाळीच तळेऱ्याला टपालाच्या पेटीत टाकला," दुर्गा म्हणाली. "इथेच ठेवा म्हणून."

मधूच्या हातातली बाटली सुटता सुटता राहिली. "कारण काय लिवलास?"

"इथलं हवापाणी मानवतं."

"खोटा! इलास तेवापासून शिंकतास!"

"मग खरं सांगा. दुरुस्तीचा अर्ज पाठवते." तिनं केसपेपरच्या टेबलावरची पेन्सिल उचलली. "कचेरीत चालेल असं, नीट सांगा."

मधूनं घाम पुसला. ताठ उभा राहिला. "सदर… सदर दवाखान्याचा कंपाउंडर… प्रस्तुत नर्सबाईंवर… गेले सहा महिने…"

मथुरा आजीनं कपाळावर हात मारला. "अरे, बोल मां फुडला! पाय दुकता माजो!"

दुर्गानं पेन्सिल खाली ठेवली. गालावरचं पाणी मनगटानं पुसलं.

"मेल्या," ती म्हणाली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून घरची बोली निघाली, "ह्या फाटकाकडेच सांगलं असतंस, तर माजी कोरफड जगली असती मां!"