निमंत्रणातलं तिसरं नाव

"हे एवढं धूड रोज खांद्यावर घेऊन फिरतोस, की आज आम्हाला दाखवायला आणलंयस?"

हा प्रश्न माझा नाही. शप्पथ. माझ्या मैत्रिणींनी, रविना आणि श्रद्धाने मिळून तो तयार केला, माझ्याकडून दोनदा पाठ करून घेतला आणि धर्मेशभाईंच्या लॅपटॉपच्या दुकानात काउंटरला टेकून उभ्या असलेल्या निळ्या चेक्सच्या शर्टाकडे मला ढकललं. पैज अशी, की प्रश्न पूर्ण विचारायचा आणि शेवटी 'दादा' म्हणायचं नाही.

आता तुम्हीच सांगा, आमच्या बदलापुरात मुलगी अनोळखी मुलाशी बोलली की 'दादा' आपोआप बाहेर पडतं की नाही? रिक्षावाला दादा, झेरॉक्सवाला दादा, पत्ता विचारला तो दादा. मी 'आणलंयस'पर्यंत नीट पोचले. सुटले, असं वाटलं. आणि मग —

"...दादा?"

मागे दोघी खिदळल्या. तो वळला. समोर त्याचा काळा, जाडजूड लॅपटॉप पालथा पडलेला, त्याच्या पंख्यातली धूळ साफ चाललेली.

"दादा नको," तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "दोन सख्ख्या, नऊ चुलत-मावस. राखीला मनगट फुल असतं."

"आणि प्रश्नाचं उत्तर?" मी विचारलं. कसं विचारलं, देव जाणे. मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात 'हजर' म्हणतानासुद्धा अडखळायचे.

"रोज फिरतो. पण आजवर कुणी विचारलं नव्हतं... त्यामुळे आज जरा हलकं वाटतंय."

त्याचं नाव तुषार. सोनिवलीचा. माझ्यासारखाच बारावीला, कॉलेज अंबरनाथला. हळदी-लग्नात वाजवणाऱ्या काकांच्या बेंजो पार्टीसाठी गाण्यांचे ट्रॅक बनवतो, म्हणून हे धूड.

आणि मी किर्ती, हेंद्रेपाड्याची. उल्हासनगरला, कॅम्प तीनला, आले होते ते लॅपटॉप बघायला. घरचे दिवाळीपासून म्हणत होते, किर्तीला लॅपटॉप घ्यायचा. कुठला, ते पप्पांच्या मनात ठरलेलं होतं — हलका. दप्तरात सहज मावणारा, बी.कॉम.ला रोज नेता येणारा. माझ्या मनात मात्र जड वाला होता, कारण मी व्हिडिओ बनवते. लग्नाच्या, हळदीच्या आमंत्रणाचे. मोबाइलवर सुरू केलं होतं, आता अर्ध्या हेंद्रेपाड्याची आमंत्रणं माझ्याकडे येतात. मला तेच शिकायचं होतं. फक्त हे घरी कुणाला सांगितलं नव्हतं. लॅपटॉप निवडायचा म्हणजे ते सांगावंच लागणार होतं... म्हणून मी नुसती काचेपलीकडे बघत उभी होते. डावीकडे तो चंदेरी, पातळ, सव्वा किलोचा. उजवीकडे अडीच किलोचा, आणि त्याचा चार्जर म्हणजे वेगळी वीटच.

"बेटा, फोटो में सब हलका दिखता है," धर्मेशभाई म्हणाले. "पाठीवर घेऊन बघ."

ही त्यांची पद्धत. खिळ्याला एक जुनं दप्तर टांगलेलं असतं. गिऱ्हाईक अडलं की त्यात लॅपटॉपच्या वजनाइतके जुने कॅटलॉग भरायचे, पाठीवर द्यायचं आणि सांगायचं, त्या दाल-पकवानच्या गाडीपर्यंत जा, परत ये, मग बोल. मी जड वाल्याचं वजन घेऊन निघाले. पंखा अजून साफ होत होता, म्हणून तुषारही निघाला. रविना-श्रद्धा वीस पावलं मागून... मुद्दाम.

"जड आहे?" त्याने विचारलं.

"अजिबात नाही."

"मग वाकून काय शोधतेस? काही पडलंय?"

"चप्पल बघतेय तुझी. एक पट्टा तुटलाय."

त्याने खरंच खाली बघितलं. मी हसले. मग दोघं हसलो. गाडीपर्यंत पोचेतो त्याने माझे तीन व्हिडिओ माझ्याच मोबाइलवर बघितले, दाल-पकवान थंड होऊ देऊन.

"हे तू केलंस? एकटीने?"

"हो. का?"

"काही नाही. माझ्या रंजनाताईची हळद आहे जानेवारीत. करशील?" तो जरासा थांबला. "नंबर दे. म्हणजे... कामासाठी."

"कामासाठीच देतेय," मी म्हटलं. कान का गरम झाले ते कळलं नाही. दुकानात परतलो तेव्हा धर्मेशभाईंनी फक्त एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घाई नाही बेटा. रविवारी आई-पप्पांना घेऊन ये."

•

हाताशी आठ दिवस होते. श्रद्धाच्या ताईकडे हलकाच लॅपटॉप आहे, जवळजवळ तसलाच. तिने तो मला वापरून बघायला दिला. कसला गोड होता तो! एका हाताने उचलायचा, गच्चीवर न्यायचा. नोट्स काढा, सिनेमा बघा, मस्त. मी त्याच्या प्रेमात पडलेच होते.

मग रंजनाताईचा व्हिडिओ करायला घेतला.

तुषार रोज काहीतरी पाठवायचा. आधी घरातल्या सगळ्यांची नावं. मग ती कुठल्या क्रमाने घ्यायची ते, कारण मोठ्या काकांचं नाव धाकट्याच्या खाली गेलं तर मांडवातच रुसवे. मग त्याने बेंजोचा ट्रॅक पाठवला. त्याच्याखाली लिहिलं होतं, 'हा आधी कुणाला ऐकवला नाही.' मी तो किती वेळा ऐकला ते सांगणार नाही.

"तुमचे आजोबा काय करायचे रे?" मी एकदा विचारलं. आमंत्रणात सगळ्यात वर त्यांचं नाव येणार होतं — कै. चांगो.

"भातशेती. आवणात, म्हणजे रोपं लावताना, त्यांच्याइतकी सरळ रेघ गावात कुणाची नसायची, म्हणतात."

म्हणून मी त्यांचं नाव रोपांनी लिहिलं. चिखलातून एकेक हिरवं रोप वर येतं, वाऱ्यावर हलतं आणि अक्षर होतं. तेवढंच करायला मला तीन दिवस लागले. आणि तिथेच तो हलका लॅपटॉप दमला. चालवून बघायला गेलं की चित्र अडकायचं. रोपं अर्धी वर यायची आणि थांबायची. शुक्रवारी संध्याकाळी मी वैतागून शेवटपर्यंत न बघताच व्हिडिओ तयार व्हायला लावला आणि झाल्याबरोबर पाठवून दिला.

शनिवारी सकाळी तुषारचा फोन.

"किर्ती... एक विचारू? तू आमच्या घरात कधी आलीस?"

"म्हणजे?"

"शेवटची ओळ बघ ना."

बघितली. आणि पुन्हा बघितली.

आमंत्रणाच्या शेवटी घरातल्या मुलांची ओळ असते ना, ती! मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाच्या, अभिजीतदादाच्या हळदीचा व्हिडिओ केला होता, त्याचाच साचा मी वापरला होता. नावं बदलली होती. दोन. तिसरं खोडायचं राहिलं होतं. पडद्यावर झेंडूच्या माळेत ठसठशीत अक्षरं —

'आमच्या रंजनाताईच्या हळदीला यायचं हं! — तुषार, करण, किर्ती.'

"डिलीट कर!" मी जवळजवळ ओरडले.

"बाबांनी गावच्या ग्रुपवर टाकलाय. तीनशे माणसं आहेत." तो हसू दाबत होता, मला कळत होतं. "सकाळपासून एकच प्रश्न. ही किर्ती कोण? एका काकांनी तर अभिनंदनसुद्धा केलं."

मी रडकुंडीला येऊन आईला सांगितलं. आईने पोळी तव्यावर टाकत विचारलं, "चूक फोनवर केलीस का?"

"नाही."

"मग माफीही फोनवर नाही मागायची. आवर. मी येते."

•

सोनिवलीला रिक्षातून उतरलो तेव्हा उन्हातही गार वारा होता. अंगणात पेंढा रचलेला, पडवीत तुषारची आजी, वेणूबाई, वाल निवडत बसलेली. मी वाकून नमस्कार केला आणि एका दमात सगळं बोलून टाकलं — साचा, नाव, चूक, माफ करा.

आजीने मला खालून वर बघितलं. "कुनाची गो पोर तू?"

"हेंद्रेपाड्याची. ही माझी आई."

"बरा हाय. बस. च्या पी."

बस्स! मी एवढी घाबरून आले होते आणि इथे कपबशी.

तुषारने त्याचं ते धूड पडवीत आणून ठेवलं. मी बरोबर आणलेली फाइल त्यात टाकली. चुकलेली ओळ उघडण्याआधी एकदा सगळा व्हिडिओ चालवला... आणि थक्कच झाले. कुठे अडकणं नाही. रोपं एकामागोमाग एक वर आली, झुळकीसरशी एकाच वेळी हलली. तीन दिवस जे फक्त माझ्या डोक्यात होतं, ते पहिल्यांदा मला दिसलं.

आजी वाल तसेच सोडून पुढे सरकली. "ह्या काय लिवलंय?"

"आजी, हे आजोबांचं नाव आहे. चांगो."

तिने बोट पडद्यावर ठेवलं. अक्षरावरून हळूहळू फिरवलं, पुन्हा फिरवलं. तिला वाचता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

"येवरंच हाय त्यांचा नाव?" ती पुटपुटली. "मना वाटायचा, लय मोठा आसंल..."

मी आईकडे बघितलं. आई पडद्याकडे नव्हती बघत. माझ्याकडे बघत होती, जशी शेजारच्या कुणाच्या तरी हुशार मुलीकडे बघावी तशी.

मग तुषारची आई माझ्या आईला मागच्या परसात वालाच्या शेंगा द्यायला घेऊन गेली, आजी त्यांच्यामागे गेली, आणि पडवीत आम्ही दोघंच उरलो. मी शेवटची ओळ उघडली. तिसऱ्या नावावर कर्सर नेला.

"किर्ती."

"हं?"

"नको काढू."

"काय?"

"नाव." तो मानेमागे हात चोळत होता. "आजी सकाळीच नाव ऐकून म्हणाली, र्‍हाऊ दे. लग्नाचं काम करतेय ती घरचीच."

"आजी म्हणाली?"

"हो."

"फक्त आजी?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग अंगणातल्या पेंढ्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. "नाही... मीपण. मी तर काल रात्रीच बघितलं होतं. बाबांना दाखवायच्या आधी. सांगता आलं असतं तुला... नाही सांगितलं."

"तुषार!"

"सॉरी. पण इतकं छान दिसत होतं ना ते... माझं नाव, मग करणचं, मग तुझं. मध्ये करण नसता तर —"

"गप रे!" मी हसले, आणि डोळ्यांत पाणी कशाला आलं कुणास ठाऊक. खूप राग यायला हवा होता. आला तो अगदी थोडा, आणि त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं, जड आणि गोड.

मी तिसरं नाव खोडलं.

त्याचा चेहरा उतरला. मग मी खाली एक नवी ओळ घेतली आणि सावकाश टाइप केलं — 'व्हिडिओ : किर्ती, हेंद्रेपाडा.'

"मला तुझ्या नावाशेजारी चुकून नाही यायचं," मी म्हटलं. अडखळले नाही. "माझं नाव आधी माझ्या कामाखाली येऊ दे. नंतर तुझ्या शेजारी यायचं असेल... तर विचारून. नीट."

"कधी विचारू?"

"बारावी होऊ दे आधी. दोघांची."

"आणि उत्तर?"

"पेपरच्या आधी उत्तर फोडत नाहीत."

तो इतका मोकळा हसला की परसातून आजीने विचारलं, काय झालं? काही नाही, आम्ही दोघं एकदम म्हणालो. लॅपटॉपचा पंखा घरघरला आणि चार मिनिटांत व्हिडिओ तयार झाला.

परतताना रिक्षात आईच्या मांडीवर शेंगांची पिशवी होती. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. "आई, थँक्यू. आलीस म्हणून."

"हं," आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या म्हातारीने बोट फिरवलं ना, तेव्हा मला वाटलं, ही पोर माझीच का?" आणि मग, बाहेर बघत, "पप्पांशी तू बोल. मी शेजारी बसते."

•

पप्पा अंबरनाथला एमआयडीसीत फिटर आहेत. शनिवारी लवकर येतात. चहा झाला, आणि त्यांनी हलक्या लॅपटॉपचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर त्यांनी वजनाच्या आकड्याला पेनने गोल केला होता.

"हाच घेऊ उद्या. बघ, सव्वा किलो. मी पंचवीस वर्षं हत्यारांची पिशवी एकाच खांद्यावर वाहिली, माझा हा खांदा बघ. तुझा तसा नाही होऊ द्यायचा."

मला वाटलं होतं, ते बी.कॉम.साठी हलका म्हणतायत. ते माझ्या खांद्यासाठी म्हणत होते. ज्यांनी इतका विचार करून निवडलंय, त्यांना नाही कसं म्हणायचं? पण मनात आलं, ज्यांनी इतका विचार केलाय, त्यांच्यापासून खरं लपवायचं तरी कसं?

आई माझ्या शेजारी येऊन बसली. मी दोघांपुढे मोबाइल ठेवला, रोपांचा व्हिडिओ लावला. पप्पांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत बघितला. मग पुन्हा पहिल्यापासून लावला.

"पप्पा, तुम्ही माझ्यासाठी इतकं बघितलंत, त्यासाठी थँक्यू. खरंच. पण मला जड वाला हवाय. मी दोन्ही खांद्यांवर घेईन, पट्टे घट्ट बांधून. आणि बी.कॉम.चा फॉर्म मी नाही भरणार. मला हेच शिकायचंय, व्हिडिओ एडिटिंग. बारावीत मार्क चांगले आणीन, शब्द देते. पण शिकणार हेच."

पप्पांनी आईकडे बघितलं. आईने मान हलवली, अगदी थोडी.

मी श्वास घेतला. एवढं सांगितलंच होतं, तर उरलेलं का ठेवायचं?

"आणि अजून एक. त्या घरातला तुषार मला आवडतो. आत्ता काही नाही, बारावी होईपर्यंत काहीच नाही. पण तुम्हाला हे सोनिवलीच्या ग्रुपवरून कळायला नको... म्हणून मीच सांगतेय."