टीं-टीं करणारी गाडी

बाळांनो, जरा डोळे मिटा. गाडी पळते आहे, म्हणून आत बसल्या बसल्या तुम्हीही पळता आहात. गाडी पुलाच्या कठड्यावर आदळून थांबली. तुम्ही थांबलात का? कोणी थांबवलं?

अभिमनला डांबरी रस्त्याने थांबवलं. समोरची काच फोडून तो बाहेर फेकला गेला आणि जागीच ठार झाला.

त्याची मुलगी मयुरी रिक्षाने एकटीच पिंप्राळ्याला आली, रूपाताईंच्या ऑफिसात. रूपाताई खासगी गुप्तहेर, आणि चंदन त्यांचा मदतनीस.

"काका म्हणतात, पप्पांनी झोपेत गाडी ठोकली. सगळे पप्पांनाच नावं ठेवतात. आई नाही, म्हणून मी आता काकांकडेच राहायचं."

"गाडीत कोण होतं?"

"पप्पा आणि प्रेमराजकाका. धुळ्याला चालले होते. निघताना गाडी काका चालवत होते. पारोळ्याला चहा झाल्यावर पप्पा चालवायला बसले म्हणे."

"निघताना काही वेगळं घडलं?"

"नाही. फक्त, सीटचा पट्टा लावला नसला की गाडी टीं-टीं करते ना? काकांनी मला एक चिमटा दिला, पट्ट्याच्या टोकाला असते तसली नुसती लोखंडी पट्टी. डाव्या सीटच्या बकलात खोच म्हणाले. मी खोचला. गाडी गप्प."

"काका पट्टा लावतात?"

"कधीच नाही."

चंदन हसला. "आपल्याही गाडीत आहे की तसला चिमटा!"

रूपाताई हसल्या नाहीत.

धुळ्याच्या गॅरेजात मेकॅनिक झुलालने गाडी दाखवली. "बठ्ठं मोडी गयं, ताई."

सगळंच मोडलं होतं, पण डाव्या बकलात चिमटा तसाच होता. उजवीकडचा पट्टा मात्र ताणून लांबला होता.

संध्याकाळी मयुरीला आणि हवालदार दीपमालाला घेऊन ते प्रेमराजच्या केळीच्या मळ्यात गेले. दोन भावांच्या शेतांमधला बांध ट्रॅक्टरने मोडायला घेतला होता.

प्रेमराजने चहाचा कप डाव्या हाताने उचलला. "उजवा खांदा धरलाय. भाऊ चालवत होता. मी डावीकडे, पट्टा लावून. म्हणून वाचलो."

"मग गाठ सुटली," चंदन म्हणाला.

"सुटली नाही, याच्याच गळ्यात आत्ता बसली," रूपाताई म्हणाल्या. "मयुरी, केळीचा घड मजूर खांद्यावर कसा झेलतो?"

"खांद्यावर उशी ठेवून. गुडघे वाकवून."

"ताठ उभा राहिला तर?"

"खांदा मोडेल."

"घड तोच, वेग तोच. वजन आणि वेग मिळून जो जोर होतो, त्याला संवेग म्हणतात. थांबायचं तर तो संपवावाच लागतो. सावकाश संपला तर मार कमी, झटक्यात संपला तर हाडं मोडतात. पट्टा ताणतो, तेवढाच वेळ मिळतो. मारही छातीवर, कंबरेवर वाटला जातो. रस्ता वेळ देत नाही."

मग त्या प्रेमराजकडे वळल्या. "डावीकडे चिमटा होता. तिथे पट्टा लागणारच नव्हता. ताणला तो उजवीकडचा. चालकाचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. सदऱ्याचं बटण काढा."

उजव्या खांद्यावरून डाव्या कंबरेकडे काळानिळा पट्टा उमटला होता.

"पट्टा लावणं गुन्हा आहे का?"

"नाही. पण कधीच न लावणाऱ्याने त्याच दिवशी लावला. भावाच्या बकलात चिमटा खोचवला, आणि गाडी कठड्यावर घातली. बांध मोडून त्याचं शेत घेण्यासाठी."

प्रेमराजने पुतणीकडे पाहिलं आणि तो हसला. "चिमटा तर हिनेच लावला ना?"

दीपमालाने त्याचा दंड धरला.

परतताना रूपाताई म्हणाल्या, "बेटा, तुला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होतं."

मयुरीने ऐकलं की नाही, कळलं नाही. मागच्या सीटवर तिने स्वतःचा पट्टा लावला. मग ताणत ताणत पुढे वाकली आणि चंदनच्या बकलातला चिमटा उपटून खिडकीबाहेर भिरकावला.

गाडी टीं-टीं करू लागली. तिने कान झाकले नाहीत. चंदनचा पट्टा खटकन बसेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.