सू राणीचा खड्डा

राणीवशात कुणाचे दिवस भरत आले, की महालामागे खड्डा खणतात. बाळंतपणानंतर पडणारी वार पुरण्यासाठी. जागा ज्योतिषी काढून देतो, खणतात खोजे, आणि दाया गाणी म्हणत त्यात लाल रेशीम नि जेवणाच्या काड्या ठेवतात, सुटका लवकर व्हावी म्हणून; काड्यांच्या नावातच तिकडे 'लवकर मूल' असं ऐकू येतं. थंडीतल्या त्या दुपारी बादशहाच्या धाकट्या राणीच्या, च्युवेनच्या, महालामागे हेच चाललं होतं. तिची आईही आली होती. शेवटच्या महिन्यांत तेवढी मुभा असते. एरवी एकदा आत आलेल्या बाईला माहेर परत दिसत नाही.

च्युवेनचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. दोन दिवस पोटातलं मूल हललं नव्हतं. हे तिने आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

हातभर खणलं आणि फेंग खोज्याचं फावडं अडलं. आत लाल रेशमाची पुरचुंडी. रेशीम कुजलं नव्हतं, काड्या कोऱ्या करकरीत.

"इथं आधी कुणी खणलंय?" आई कुजबुजली.

"सू राणीसाठी खणलं होतं," थाओ दाई म्हणाली. "बारा वर्षं झाली. आठव्या महिन्यातच गेली... पोटातल्या जिवासकट. खड्डा तसाच बुजवला."

"मग दुसरीकडे खणा की! मेलेलीचं कशाला उकरताय?"

"ज्योतिष्यांनी काढलेली जागा बदलली तर माझं मुंडकं जाईल, आईसाहेब," फेंग म्हणाला.

च्युवेन खड्ड्याच्या काठाशी आली.

"तिच्या काड्या राहू द्या तिथंच. माझ्या त्यांच्या शेजारी ठेवा. आणि गाण्यात तिचंही नाव घ्या."

मेलेल्या बाईच्या सुटकेचं गाणं कोण म्हणतं? पण राणीचा शब्द. दाया म्हणू लागल्या, दबक्या आवाजात. वारा पडला. मातीचा ओला वास नाकात दाटला. मागून कुणीतरी च्युवेनच्या पोटावर हात ठेवला.

"आई, किती गार गं हात तुझा..."

आई खड्ड्याच्या पलीकडे उभी होती.

आणि त्याच क्षणी पोटात लाथ बसली. एक, मग आणखी एक. च्युवेनला रडू फुटलं.

महिन्याभराने मुलगी झाली, चांगली टणटणीत. बादशहाला मुलगा हवा होता. च्युवेनला लेकीचं रडणं ऐकायला मिळालं, त्यातच सगळं भरून पावलं. मुलगी महिन्याची झाल्यावर आई घरी निघाली. तिला बाहेरच्या दरवाज्यापर्यंत पोचवून फेंग परत आला.

"नीट गेली ना रे?"

"गेल्या, बाईसाहेब. भोयांना म्हटलं, पालखी सावकाश न्या. सोबतच्या बाई फार अवघडल्या होत्या. दिवस भरलेत बहुतेक."

"सोबतच्या... कोण?"

"आईसाहेबांच्या खांद्याला धरून बसल्या होत्या. मला वाटलं, तुमच्या वहिनी."

च्युवेनला भाऊच नव्हता. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी मनातून फार बरंही वाटलं. आत आलेली एक तरी बाई बाहेर पडली होती.

"काही बोलली का ती?"

"हो. हसून विचारत होत्या, 'आईंच्या घरी पाळणा आहे ना?'"