आतल्या बायका

यूसुफभाई, बोटीच्या ऑफिसात तुमची ओळख आहे म्हणून भरदुपारी तुमच्या दारात आलो. माझ्या बायकोला, बिल्कीसला, तिच्या माहेरी दाभोळला पाठवायचं आहे, आणि तेही याच बोटीनं. पुढची बोट नको. हसू नका. आधी ऐकून घ्या, मग हवं तर मला वेड्यात काढा.

गेल्या वर्षी ती इथं आखातात आली तेव्हाची गोष्ट. फिंतासला आम्हा दोघांसाठी ठरवलेली खोली शुक्रवारी मिळणार होती आणि बोट सोमवारीच लागली. मी राहायचो बनेद अल-गारला, सड्याफटिंगांच्या खोलीत. तिथं बायकोला कुठं नेणार? मग चार दिवस डोकं टेकायला जागा शोधणं आलं. समुद्रासमोरच्या नव्या हॉटेलात थंड हवेचं यंत्र होतं, पण भाडं ऐकूनच मला घाम फुटला. बाजारातल्या मुसाफिरखान्यात खाटेला खाट लागलेली, सगळे पुरुष. राहिलं जुन्या वस्तीतलं एक मातीचं घर. एका मोत्यांच्या व्यापाऱ्याचं होतं म्हणे, आता एक म्हातारा रखवालदार तिथल्या खोल्या रोजावर द्यायचा. बायकांची बाजू वेगळी, आत अंगण, आणि भाडं अगदी कमी. काटकसर म्हणा, कंजूषपणा म्हणा, मी ते पसंत केलं.

तिला बोटीवरून घेऊन लाँचमधून धक्क्यावर उतरलो तेव्हाच आभाळ विटकरी झालं होतं. तौझ उठली होती, इथलं ते धुळीचं वादळ. दिवसाढवळ्या टॅक्सीवाल्यानं दिवे लावले. गल्लीच्या तोंडाशी उतरलो, तर शेजारची घरं पाडलेली. सरकार तिथून रस्ता काढणार होतं. आमचं तेवढं एक घर उभं, आणि दार सताड उघडं. रखवालदाराचा पत्ता नव्हता.

आत बोळात अंधार होता. टोकाला जाड पडदा, आणि त्यातून उदाचा वास येत होता. परक्याच्या घरी आपण काय करतो? मीही तेच केलं. मोठ्यानं खाकरलो, सलाम घातला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. पडद्याआड कुजबूज थांबली. बांगड्या वाजल्या. मग एका म्हातारीनं सलामाला जवाब दिला.

मला वाटलं, मालकाच्या घरच्या बायका असतील. जीव भांड्यात पडला. माझ्या मोडक्या अरबीत म्हणालो, "ही माझी बायको. परदेशात हिचं कुणी नाही. तुमचीच लेक समजा."

आपल्याकडं शेजारणीकडं बायको सोपवताना कोण असं म्हणत नाही? बोलायची रीत ती.

मग म्हातारी म्हणाली, "कबूल."

पाठोपाठ दुसरी म्हणाली, "कबूल." मग आणखी कुणीतरी...

पडदा जरासा हलला आणि बिल्कीस आत गेली. मी काही डोळे वर केले नाहीत.

ट्रंक घ्यायला गल्लीत आलो, तर रखवालदार तोंडाला फडकं बांधून धावत येताना दिसला. नमाजाला गेला होता. म्हणाला, "बायकोला कुठं ठेवलंस?"

"आत, तुमच्या बायकांत."

"कुठल्या बायका?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "इथं कुणी नाही... आतली बाजू मी अजून उघडलेलीच नाही."

त्यानं पडदा सारला. मागं दार होतं, आणि दाराला बाहेरून कुलूप.

यूसुफभाई, मी त्या दारावर डोकं आपटायचं बाकी ठेवलं होतं. आतून बिल्कीसचा आवाज येत होता. अगदी हळू, कुणाची तरी समजूत घातल्यासारखा. म्हाताऱ्यानं जुडग्यातल्या किल्ल्या एकामागून एक लावून पाहिल्या. शेवटी दार उघडलं. अंगणात वाळूचा थर साचला होता. त्यावर पावलाची एकही खूण नव्हती. मधोमध बिल्कीस एकटी उभी.

"चला," एवढंच ती म्हणाली.

टॅक्सीत बसल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला. "त्या सोडीत नव्हत्या मना. बोलत व्हत्या, लेक आमची, तुझ्या घोवानंच दिली..."

"तुला अरबी कधी कळायला लागली?"

"अरबी कुठली? आपल्याच बोलीत बोलत व्हत्या की."

"मग सुटलीस कशी?"

"काय करू? म्हटलं, लेक म्हणता ना? मग आता सासरी जाऊ द्या... पयल्या बाळंतपणाला म्हायेरी येतेच."

त्या रात्री आम्ही समुद्रासमोरच्या हॉटेलात राहिलो. भाड्याचं दुःख वाटलं नाही. थंडीत ते घरही पाडलं. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. शेवटची भिंत पडली तेव्हा मी शुक्राण्याचा नमाज पढलो. वाटलं, आता घरच नाही, तर ही जाणार कुठं आणि त्या बोलावणार कुठं?

आता तिला सातवा लागलाय. आईशिवायचं का असेना, दाभोळला भावाचं घर आहे. खरं माहेर ते. तिथं ती पोचली की मी सुटलो. मी घाबरलोय, यूसुफभाई. सरळच सांगतो, फार घाबरलोय.

आज सकाळी कामावरून लवकर परतलो. शेजारची झुलेखा जिन्यातच भेटली. खुशीत होती. "भावजी, तुमच्या सासुरवाडीच्या बायका येऊन गेल्या. चांगल्या चार-पाच जणी. पोरीला हलवू नका, बोलल्या. आमचा घर पाडला, आता बाळंतपण हितंच करू..."

मी धावत वर गेलो. बिल्कीस गाढ झोपली होती. स्वयंपाकघरात मोठं पातेलं ठेवलेलं, काठोकाठ भरलेलं. पाणी खळखळ उकळत होतं. मी स्टोव्हला हात लावून पाहिला, यूसुफभाई. गार होता.